धूळ नाकाशी मोजायची, उगमाशी अडवायची

प्रश्न : मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका सिलिका वाळूच्या खाणीवर पाळीचा सुपरवायझर आहे. आमच्याकडे क्रशर, त्यापुढे चाळण्या, वॉशिंग आणि शेवटी वाळवलेली वाळू पोत्यांत भरण्याची शेड आहे. गेल्या ऑगस्टमध्ये मालकांनी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून धूळ मोजून घेतली. त्या लोकांनी फाटकाजवळ आणि ऑफिसच्या मागे यंत्रे ठेवली होती. अहवालात ‘पीएम 10’ शंभराच्या आत आल्याचे लिहिले आहे. तरीही उन्हाळ्यात क्रशरवरचे आणि पोती भरणारे कामगार संध्याकाळी अंगभर पांढरे होऊन घरी जातात आणि त्यांतल्या दोघांचा खोकला महिनोन्‌महिने हटत नाही. आम्ही पाणी मारतो, मास्कही दिले आहेत. मालक म्हणतात, अहवाल चांगला आहे, आता आणखी काय करायचे? मी त्यांना काय सांगू?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : तुमच्या हातातला अहवाल खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो, तो तुमचा प्रश्न नाही. ‘पीएम 10’साठी, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धूलिकणांसाठी, घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम ही मर्यादा 2009 च्या राष्ट्रीय परिसर-हवा मानकांतली आहे आणि ती 24 तासांच्या सरासरीला लागू होते. खाणीच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या गावकऱ्यांना कोणती हवा मिळते, हे तपासण्यासाठी ती ठरवलेली आहे. क्रशरच्या तोंडाशी आठ तास उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत किती धूळ जाते, हे फाटकावरच्या यंत्राला कळण्याचा काही मार्गच नाही, कारण यंत्र आणि तो माणूस यांच्यामधल्या अंतरात धूळ विरळ होत जाते, वारा तिला दुसरीकडे नेतो आणि जड कण वाटेतच खाली बसतात. त्यातही मोजणी ऑगस्टमधली आहे. कोकणातल्या पावसात दगड, रस्ते, पट्टे आणि साठवलेला माल असे सगळेच भिजलेले असते. त्या महिन्यात आलेल्या चांगल्या आकड्यावरून एप्रिल-मेबद्दल काहीही म्हणता येत नाही. तेव्हा मालकांना पहिली गोष्ट ही सांगा, की कामगारांच्या श्वासातली धूळ तुमच्या खाणीत अजून मोजलीच गेलेली नाही.

ही धूळ कशी असते ते आधी पाहू. कपड्यांवर आणि भुवयांवर दिसणारी पांढरी भुकटी मुख्यतः जाड कणांची असते. त्यातले बरेचसे कण नाकात व घशात अडकतात आणि कफावाटे बाहेर पडतात. फुफ्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात ते सर्वसाधारणपणे 10 मायक्रॉनपेक्षा लहान कण, आणि त्यांतही 4 मायक्रॉन व त्याहून बारीक कणांचा वाटा मोठा असतो. इतके बारीक कण सुटे सुटे डोळ्यांना दिसत नाहीत. 1 मायक्रॉनचा क्वार्ट्झचा (स्फटिकरूपी सिलिकाचा) कण स्थिर हवेत माणसाच्या उंचीएवढे अंतर खाली यायला काही तास घेतो. म्हणूनच क्रशर बंद करून कामगार त्याच शेडमध्ये डबा खायला बसले आणि हवा स्वच्छ वाटली, तरी ते त्या वेळीही धूळ घेतच असतात. जेवणाची जागा शेडच्या बाहेर, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला हलवणे हा तुमच्या अधिकारातला, बिनखर्चाचा बदल आहे आणि तो आजच करता येईल.

आता सिलिकाचा मुद्दा, कारण तुमच्या खाणीत सगळे काही त्यावर अवलंबून आहे. 1961 च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्समध्ये (कोळसा आणि तेल सोडून इतर खाणींच्या नियमावलीत) श्वसनयोग्य धुळीची, म्हणजे वायुकोशांपर्यंत पोहोचणाऱ्या बारीक धुळीची, आठ तासांची सरासरी मर्यादा अशी दिली आहे : धुळीत मुक्त सिलिका (इतर खनिजांत बांधली न गेलेली, क्वार्ट्झसारखी सिलिका) 5 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर घनमीटरला 3 मिलिग्रॅम, त्याहून जास्त असेल तर 15 या आकड्याला सिलिकाच्या टक्केवारीने भागून जे येईल तेवढे मिलिग्रॅम. घाटावरच्या काळ्या बेसाल्टच्या खाणीत मुक्त सिलिका सहसा फार कमी असते, त्यामुळे तिथे बहुधा 3 चा आकडा लागू पडतो. तुमची वाळू काचेच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांना विकली जाते ती मुळी ती जवळजवळ शुद्ध सिलिका असते म्हणूनच. धुळीत 95 टक्के सिलिका धरली, तर मर्यादा 15 भागिले 95, म्हणजे घनमीटरला सुमारे 0.16 मिलिग्रॅम एवढीच उरते. बेसाल्टच्या क्रशरवर कायद्यात बसणारी धूळ तुमच्या क्रशरवर मर्यादेच्या जवळजवळ एकोणीसपट ठरू शकते, आणि डोळ्यांना मात्र दोन्हीकडे सारखीच दिसेल. ‘बाजूच्या तालुक्यातल्या क्रशरवर तर यापेक्षा जास्त धूळ उडते’ हा युक्तिवाद तुमच्याकडे अनेकदा ऐकू येत असेल. तो का टिकत नाही हे या भागाकारातून मालकांना दाखवता येईल.

हेही सांगायला हवे, की या सूत्रामुळे सिलिकाचे प्रमाण प्रत्यक्षात घनमीटरला 0.15 मिलिग्रॅमवर बांधले जाते, आणि तो आकडा आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या मानाने सैल आहे. अमेरिकेच्या खाणसुरक्षा खात्याने 2024 मध्ये जाहीर केलेल्या नियमात श्वसनयोग्य सिलिकासाठी पूर्ण पाळीची मर्यादा 0.05 मिलिग्रॅम ठेवली आहे, म्हणजे आपल्या एक तृतीयांश. त्यामुळे मर्यादेच्या थोडे खाली आलो म्हणजे माणसे सुरक्षित झाली, असे निदान सिलिकाच्या खाणीत तरी कोणी समजू नये.

मोजणी कशी व्हायला हवी, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण प्रयोगशाळेला काम देताना काय मागायचे हे ठाऊक नसेल तर पुन्हा फाटकावरचाच अहवाल हाती पडेल. कामगाराच्या कमरेच्या पट्ट्याला बॅटरीवर चालणारा छोटा पंप लावतात. त्याची नळी खांद्यावरून पुढे येते आणि शर्टाच्या कॉलरपाशी, नाकातोंडापासून साधारण 30 सेंटिमीटरच्या आत, एक लहान सायक्लोन व त्यावर फिल्टरची डबी अडकवतात. सायक्लोनमध्ये हवा गोल फिरते, जाड कण खालच्या टोपणात पडतात आणि श्वसनयोग्य कण तेवढे फिल्टरवर जातात. ही छाननी पंपाच्या वेगावर अवलंबून असते. सायक्लोनच्या प्रकाराप्रमाणे तो मिनिटाला 1.7, 2.2 किंवा 2.5 लिटर असा ठरलेला असतो. वेग घसरला तर जाड कणही फिल्टरवर जातात आणि वाढला तर काही बारीक कणही टोपणात पडतात, म्हणून पंपाचा वेग पाळीच्या आधी आणि नंतर, सायक्लोन जोडलेला असतानाच, तपासून लिहून ठेवायचा असतो.

एक बारीकशी गोष्ट पाळीच्या शेवटी बिघडते. कामगार थकलेला असतो, पट्टा सोडून पंप बाकावर आडवा टाकतो आणि सायक्लोन उलटा होतो. टोपणातली जाड धूळ तेवढ्यात फिल्टरवर सांडते आणि दिवसभराचा नमुना वाया जातो. त्यामुळे सायक्लोन काढण्याचे काम नमुना घेणाऱ्या माणसाने स्वतःच, तो उभा धरून, करावे. पाळी सुरू असतानाही त्याने दर तास-दीड तासाने फेरी मारून नळी दुमडलेली नाही ना, पंप चालू आहे ना, कामगार नेमके काय करतो आहे, हे वहीत टिपावे. अशी वही नसलेल्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही. ‘पोती भरणे, सकाळी 9 ते 12, पंखा बंद, दुपारी शेड झाडली’ एवढी नोंद जरी असली, तरी आकडा का चढला हे नंतर शोधता येते.

मिनिटाला 2.2 लिटरने आठ तासांत 1,056 लिटर, म्हणजे सुमारे 1.06 घनमीटर हवा फिल्टरमधून जाते. तुमची 0.16 ची मर्यादा धरली तर संपूर्ण पाळीत फिल्टरवर जास्तीत जास्त 0.17 मिलिग्रॅम धूळ चालेल. मिठाचे तीन बारीक दाणे जेवढे भरतील, जवळपास तेवढे हे वजन आहे. ते तोलण्यासाठी सूक्ष्मतराजू लागतो, फिल्टर आधी आणि नंतर एकाच तापमान-आर्द्रतेच्या खोलीत ठेवून तोलावे लागतात आणि सोबत कोरे फिल्टरही नेऊन आणून तोलावे लागतात, नाहीतर कोकणातल्या दमट हवेतला फरकच धुळीच्या वजनात मिसळून जातो. प्रयोगशाळेला काम देण्याआधी तिच्या तराजूची अचूकता आणि कोऱ्या फिल्टरची पद्धत विचारा. वजनानंतर त्याच फिल्टरवरच्या धुळीतली सिलिका क्ष-किरण विवर्तनाने किंवा अवरक्त वर्णपटाने तपासून घ्यावी. खाणीतल्या दगडाची टक्केवारी धुळीला जशीच्या तशी लावू नये. मऊ मातीचे कण जास्त बारीक होतात, त्यामुळे श्वसनयोग्य धुळीतले सिलिकाचे प्रमाण दगडापेक्षा वेगळे निघू शकते.

नमुना कोणाचा घ्यायचा? जिथे सगळ्यात जास्त धूळ असेल असे वाटते त्यांचा आधी : क्रशरच्या हॉपरवर दगड मोकळे करणारा, चाळणीवरचा, पोती भरणारा, शेड झाडणारा. या सगळ्यांची मिळून सरासरी कधीही काढू नका. ऑफिसमधल्या कारकुनाचा कमी आकडा मिसळल्याने पोती भरणाऱ्याचे फुफ्फुस वाचत नाही. जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत, नेहमीसारखे उत्पादन चालू असताना, एकाच कामाचे निरनिराळ्या दिवशी नमुने घ्यावेत, कारण धूळ रोज सारखी नसते. नियमावलीप्रमाणे मोजणी निदान सहा महिन्यांतून एकदा करायची असते. आकडा मर्यादेच्या निम्म्यावर गेला तर तीन महिन्यांनी आणि तीन चतुर्थांशावर गेला तर दर महिन्याला. हाती धरायचे, प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारे धूळमापकही मिळते. ते उगम शोधायला फार उपयोगी आहे, पण पाण्याच्या तुषारांनाही ते धूळ समजते, त्यामुळे त्याचा आकडा कायदेशीर मोजणीच्या जागी ठेवता येत नाही.

आता उपायांकडे वळतो. ‘पाणी मारतो’ असे तुम्ही लिहिले आहे. कुठे मारता, हे लिहिलेले नाही. बहुतेक ठिकाणी क्रशरमधून धूळ बाहेर आल्यावर तिच्यावर पाइपने पाणी सोडतात. हवेत गेलेली बारीक धूळ अशा जाड धारेला चुकवून निघून जाते. थेंब पडताना हवा बाजूला होते आणि तिच्याबरोबर हलके कणही. पाण्याचा खरा उपयोग दगड फुटण्याच्या आधी आहे. ट्रक हॉपरमध्ये रिकामा होण्यापूर्वी मालावर, आणि क्रशरच्या तोंडाशी, कमी दाबाचे चपटे फवारे लावले की नवा पृष्ठभाग तयार होतानाच ओला होतो आणि धूळ दगडालाच चिकटून राहते. ताज्या फुटलेल्या सिलिकाचा कण जुन्या कणापेक्षा फुफ्फुसाला अधिक घातक असतो, त्यामुळे याच जागी केलेल्या खर्चाचे मोल सर्वांत जास्त. फवाऱ्याची तोंडे गाळाने बुजतात. वॉशिंगचे परत आलेले पाणी वापरत असाल तर ती आठवड्याभरात बुजतील. पाण्याच्या पाइपलाइनमध्ये गाळणी बसवा आणि पाळी सुरू होताना प्रत्येक तोंड चालू आहे का, हे बघण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाका.

पट्ट्यावरून माल जिथे खाली पडतो तिथे पडण्याची उंची कमी करणे, बाजूंना रबराच्या पट्ट्या लावणे आणि वर झाकण घालणे ही साधी, आपल्याच फिटरकडून होणारी कामे आहेत. ड्रिलिंग कोरडे होत असेल तर ते बंद व्हायलाच हवे. ओले ड्रिलिंग किंवा धूळ ओढणारी यंत्रणा, यांवाचून तिसरा पर्याय नाही. पोकलेन आणि लोडरच्या केबिनची काच उन्हाळ्यात उघडी राहते, कारण एसी बंद असतो. एसी दुरुस्त करणे हा चालकाचा लाड नाही. बंद केबिन आणि चांगला फिल्टर मिळून त्याची धूळ पुष्कळ कमी करतात.

पोती भरण्याची शेड मला तुमच्या पत्रातली सर्वांत धोक्याची जागा वाटते. वाळू वाळवलेली असल्यामुळे तिथे पाणी चालत नाही, आणि पोते भरताना आतली हवा धुळीसकट भरणाऱ्याच्या तोंडावर येते. तिथे भरणीच्या तोंडाला वेढणारा हूड, त्याला जोडलेली नळी, बॅग फिल्टर आणि शेडबाहेर सोडणारा पंखा हवाच. अशी यंत्रणा असूनही काम करत नसल्याचे अनेक ठिकाणी दिसते, कारण नळीत वाळू साचलेली असते किंवा पिशव्या फाटलेल्या असतात. हूडच्या तोंडाशी पेटती अगरबत्ती धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे; तो माणसाच्या दिशेने वळत असेल, तर पंखा नुसता आवाज करतो आहे असे समजा. मोठा गरगरणारा पंखा समोर लावून ‘वारा’ घेण्याची सवय मोडा, त्याने हूडची ओढ फुटते आणि धूळ शेडभर होते.

याच शेडमध्ये आणखी दोन कामे होतात, जी कोणी धुळीची कामे म्हणून मोजत नाही. रिकामी पोती झटकणे हे एक, आणि पाळी संपताना कॉम्प्रेसरच्या नळीने अंगावरची धूळ उडवणे हे दुसरे. दोन्ही ताबडतोब थांबवा. कपड्यांतली धूळ दिवसभर नाकाखालीच सुटत राहते, म्हणून कामाचे कपडे वेगळे असावेत, ते खाणीवरच धुतले जावेत आणि कामगाराने आंघोळ करून घरी जावे. घरी बायको तेच कपडे झटकते आणि शेजारी मूल बसलेले असते, याचाही विचार व्हायला हवा. शेड कोरड्या खराट्याने न झाडता फिल्टर असलेल्या व्हॅक्युमने साफ करावी. वाळलेला माल नसेल तिथे पाण्याने धुवावी.

मास्कबद्दल. तोंडाला बांधलेला टॉवेल किंवा सर्जिकल मास्क या धुळीला अडवत नाही. आयएस 9473 या भारतीय मानकाप्रमाणे एफएफपी2 किंवा एफएफपी3 दर्जाचा मास्क द्यावा, तो नाकाच्या दांड्यावर दाबून बसवावा, आणि दाढी वाढलेली असेल तर तो चेहऱ्याला चिकटत नाही हे कामगाराला मोकळेपणाने सांगावे. मे महिन्याच्या उकाड्यात आठ तास कोणीही असा मास्क नीट घालून राबू शकत नाही, त्यामुळे हूड आणि फवारे बसेपर्यंतचा आणि दुरुस्तीच्या कामांचा आधार एवढेच त्याचे स्थान आहे. काही जण माणसे आलटून-पालटून लावण्याचा सल्ला देतात. सिलिकाच्या बाबतीत मला तो मान्य नाही; त्याने धूळ तेवढीच राहते आणि ती घेणारी माणसे वाढतात.

त्या दोन खोकणाऱ्या कामगारांकडे वळतो, आणि इथे विलंब करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसांत व्रण होऊन ती निबर होण्याचा आजार, सहसा दहा-वीस वर्षांनी दिसतो. पण धूळ फार असेल तर पाच-दहा वर्षांत, आणि अतिशय तीव्र असेल तर त्याहूनही लवकर होतो. तो बरा होत नाही आणि काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो. सिलिकामुळे क्षयरोगाचा धोका वाढतो, आणि दोन्ही आजारांची एक्स-रे छायाचित्रे काही वेळा सारखी दिसत असल्याने खाणकामगाराला नुसत्या क्षयाच्या गोळ्या देऊन घरी पाठवले जाते. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ भागातील आदिवासी मजूर गोध्रा परिसरातल्या क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत काम करून परतले आणि ऐन तारुण्यात गेले. त्यांच्या वारसांना भरपाई मिळावी यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. ती धूळ आणि तुमच्या शेडमधली धूळ मूलतः एकच आहे.

दोघांनाही या आठवड्यात धुळीच्या कामावरून, पगार न कापता, हलवा. छातीचा पूर्ण आकाराचा एक्स-रे, थुंकीची क्षयासाठी तपासणी आणि श्वासाची स्पायरोमेट्री करून घ्या. ‘हा माणूस सिलिका वाळूच्या खाणीत अमुक वर्षे पोती भरतो’ असे चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांकडे द्या, कारण डॉक्टर आपणहून कामाबद्दल विचारतीलच असे नाही. एक्स-रे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणाप्रमाणे वाचणाऱ्या डॉक्टरांना दाखवावा. 1955 च्या खाण नियमांप्रमाणे कामावर घेताना आणि नंतर निदान दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी व्हायची असते, आणि ठेकेदाराची माणसेही त्यातून सुटत नाहीत. सिलिकोसिस हा अधिसूचित आजार आहे. तो आढळल्यास व्यवस्थापनाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनीही खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवायचे असते.

मालकांशी बोलताना आजाराची भीती घालण्यापेक्षा 15 भागिले 95 चा कागद, ऑगस्टची तारीख आणि फाटकावरच्या यंत्राची जागा या तीन गोष्टी समोर ठेवा, आणि क्रशर व शेड यांवरच्या चार कामगारांच्या पूर्ण पाळीच्या नमुन्यांची लेखी मागणी करा. मागणीची पोच घ्या. तपासण्या झाल्या की प्रत्येक कामगाराला त्याचा एक्स-रे, अहवाल आणि कोणत्या कामावर किती वर्षे होता याचा दाखला द्या आणि ते कागद त्याच्या घरी राहू द्या; ठेकेदार बदलला की ऑफिसातली प्रत सापडत नाही, आणि पुढे भरपाई मागताना त्या माणसाच्या हाती दुसरा पुरावा नसतो.